विसरलेलं मोजायचं कसं? अनेक वर्षांनी मोर्सकडे परत जाताना



पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न मला वारंवार येतो. शब्द वेगळे असतात, गाभा एकच. "एम.ए. होऊन सहा वर्षं झाली. मधे नोकरी, मग लग्न, मग लेकरू. स्टॅटिस्टिक्स सगळं विसरले. आता परत सुरू करण्यात अर्थ आहे का?" आणि आपल्या वऱ्हाडात याला पुढे एक शेपूट जोडलेलं असतंच, "आता पहिल्यासारखं डोकं नाही चालत हो!"

मी धीर देणारं उत्तर देऊ शकते. पण संशोधनाची तयारी करणाऱ्या माणसाला धीरापेक्षा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. म्हणून माझा उलट प्रश्न: "सगळं विसरले" हे तुम्ही कशावरून म्हणता? मोजलं का? मोजलं असेल तर कोणत्या पद्धतीनं?

आजचा लेख या मोजण्याबद्दल आहे. उदाहरण घेणार आहे हॅम रेडिओ आणि मोर्स कोडचं. त्याला दोन कारणं. एक म्हणजे मी शाळेत असताना मोर्स शिकले होते, काही वर्षं हॅम रेडिओवर बोललेही. मग कॉलेज, नोकरी यात ते पार मागे पडलं, आणि गेल्या पावसाळ्यापासून जठारपेठेतल्या घरी मी ते पुन्हा सुरू केलंय. दुसरं आणि जास्त महत्त्वाचं कारण असं, की माणूस एखादं कौशल्य कसं शिकतो यावरच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी काही प्रयोग मोर्सवरच झालेत. त्यामुळे विसरणं आणि परत शिकणं समजून घ्यायला यापेक्षा सोयीचं उदाहरण मिळणं कठीण.

आधी थोडी ओळख

हॅम रेडिओ म्हणजे हौशी रेडिओ. सरकारी परवाना घेऊन, ठरवून दिलेल्या लहरींवर, स्वतःच्या घरून जगातल्या दुसऱ्या परवानाधारकाशी संपर्क साधायचा. धंदा करायचा नाही, पैसे घ्यायचे नाहीत. भारतात केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी नावाची शाखा ही परीक्षा आणि परवाना बघते. आपली कॉलसाइन म्हणजे आकाशातलं नाव 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतं. परवान्याच्या दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स लागत नाही. जनरल श्रेणीला मिनिटाला ८ शब्द या वेगानं मोर्स घेता आणि पाठवता यावं लागतं.

पूर्वी जगभर हा नियम कडक होता. २००३ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या परिषदेत मोर्सची सक्ती ज्या त्या देशावर सोपवली गेली, आणि अनेक देशांनी ती काढून टाकली. आपल्याकडे तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. म्हणजे 'तार आली' म्हटल्यावर घरात धस्स होणं हे आता फक्त मोठ्या माणसांच्या आठवणीत उरलंय.

मग आज हे कोणी कशाला शिकावं? कारण कमी ताकदीच्या, घरी बांधता येणाऱ्या साध्या यंत्रावर मोर्स लांब पोचतो. आवाजातलं बोलणं खरखरीत बुडून जातं तिथं मोर्सचा एकसुरी 'पीं' कानाला वेगळा काढता येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हॅम मंडळी आपले रेडिओ संच घेऊन संपर्काच्या कामाला उतरली होती. अशा वेळी ज्याला जे येतं तेच कामाला येतं. म्हणूनच 'पूर्वी येत होतं' आणि 'आता येतं' यातलं अंतर किती, हा फक्त हौसेचा प्रश्न राहत नाही.

एक सूचना इथंच. परवाना नसेल किंवा त्याची मुदत संपली असेल तर प्रसारण करायचं नाही, ते बेकायदेशीर आहे. सरावाला मात्र कसलाही परवाना लागत नाही. मोबाइलवरचं ॲप किंवा बॅटरी, बझर आणि एक की एवढं पुरतं.

मोर्स ही कागदावरची टिंबं नाहीत

बहुतेकांना मोर्स म्हणजे टिंब आणि रेघांचा तक्ता वाटतो. तक्ता खरा आहे, पण मोर्स प्रत्यक्षात वेळेत राहतो. टिंब एक एकक वेळ वाजतं, रेघ तीन एककं. एकाच अक्षराच्या आतली शांतता एक एकक, दोन अक्षरांमधली तीन, दोन शब्दांमधली सात. वेग मोजायला 'पॅरिस' हा नमुना शब्द धरतात, कारण तो पुढच्या जागेसकट बरोबर ५० एककांचा होतो.

आता हिशेब करा. मिनिटाला ८ शब्द म्हणजे ४०० एककं. एक टिंब ०.१५ सेकंदाचं. इंग्रजी 'बी' म्हणजे एक रेघ आणि तीन टिंबं, एकूण ९ एककं, म्हणजे सुमारे १.३५ सेकंद. एवढ्या वेळात तुम्ही मनात "एक रेघ, तीन टिंबं, म्हणजे... बी" असं मोजू शकता. वेग मिनिटाला २० शब्द केला की तेच 'बी' ०.५४ सेकंदात संपतं. आता मोजायला वेळच नाही. 'डा-डि-डि-डिट' ही एक चाल म्हणूनच ती ओळखावी लागते, जशी दारावरच्या टकटकीवरून कोण आलं ते कळतं.

आमच्या गल्लीत जुन्या तारखात्यात काम केलेले एक काका आहेत. त्यांनी मला शाळेत असताना पहिला धडा दिला तो एवढाच होता, "मोजू नोको, पोरी. आयक नुसतं." तेव्हा ते मला कोड्यासारखं वाटलं. त्यामागचं कारण मला पुढे संशोधनाच्या वाचनात सापडलं.

जर्मन मानसशास्त्रज्ञ लुडविग कॉख यांनी १९३० च्या दशकात हेच तपासलं. हळू वेगानं, मोजत शिकलेला माणूस एका टप्प्यावर अडकतो, कारण तिथून पुढे जायला त्याला पद्धतच बदलावी लागते. मोजणं सोडून चाल ओळखणं सुरू करावं लागतं. म्हणून कॉख पद्धतीत पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगानं, पण फक्त दोन अक्षरं शिकवतात. ती साधारण ९० टक्के बरोबर येऊ लागली की तिसरं अक्षर. आजची बहुतेक सरावाची ॲपं याच पद्धतीवर चालतात.

हा मुद्दा लक्षात ठेवा. एकच कौशल्य दोन माणसं दोन वेगळ्या रीतींनी डोक्यात ठेवू शकतात. मग वर्षांनंतर दोघांचं 'विसरणं' सारखं कसं असेल?

पठार: एक प्रसिद्ध निष्कर्ष आणि त्याचं पुढे काय झालं

१८९७ आणि १८९९ मध्ये विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर या अमेरिकी संशोधकांनी तार शिकणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हार्टर स्वतः तारेच्या कामातले होते. त्यांनी शिकणाऱ्यांचा वेग आठवड्यामागून आठवडे मोजला आणि आलेख काढला. पाठवण्याचा आलेख बराच सुरळीत चढत गेला. घेण्याचा, म्हणजे ऐकून उतरवण्याचा आलेख मात्र चढला, मग बराच काळ सपाट राहिला, मग पुन्हा चढला. या सपाट भागाला पठार म्हणतात.

त्यांचं स्पष्टीकरण सुंदर होतं. माणूस आधी अक्षरं ऐकतो, मग शब्द, मग वाक्प्रयोग. खालची पायरी सहज होईपर्यंत वरची पायरी सुरू होत नाही, आणि त्या वाट पाहण्याच्या काळात आलेख सपाट दिसतो. पुढे हे पठार मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलं. गायन, टायपिंग, गणित, सगळीकडे लोकांना पठारं दिसू लागली.

पण नंतरच्या काही अभ्यासकांना मोर्स शिकणाऱ्यांच्या आलेखात तसं पठार सापडेना. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यासाठी मोर्स शिकवण्यावर काम केलेले फ्रेड केलर यांनी १९५८ मध्ये एक लेख लिहून त्याला 'भास' ठरवलं. मूळ निष्कर्ष मोजक्या शिकाऊंवर उभा होता आणि पुढच्या जास्त माहितीत तो टिकत नव्हता, असा त्यांचा रोख.

केलर यांची शिकवण्याची रीतही बघण्यासारखी होती. एक अक्षर वाजवायचं, विद्यार्थ्यानं लगेच उत्तर लिहायचं, आणि काही सेकंदांत शिक्षकानं बरोबर अक्षर उच्चारायचं. म्हणजे प्रत्येक अक्षरामागे ताबडतोब पडताळा. शिकवण्याची रीत बदलली की आलेखाचा आकारही बदलू शकतो, हे त्यातून ध्यानात येतं.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी इथं थांबून एक ओळ वहीत लिहावी: आलेख दिसणं वेगळं आणि त्या आलेखाचं कारण सिद्ध होणं वेगळं. स्वतःबद्दल आपण जेव्हा म्हणतो, "माझी प्रगती थांबली", तेव्हा तेही एका माणसाच्या आलेखावरून काढलेलं अनुमानच असतं.

विसरणं मोजायच्या तीन रीती

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा तुम्ही दहा वर्षांपूर्वी मोर्स शिकला होता. आज किती उरलंय हे तीन प्रकारे तपासता येईल.

पहिली रीत: स्मरण. मी विचारते, "क्यू कसा पाठवतात?" तुम्ही मनातून सांगायचं.

दुसरी रीत: ओळख. मी 'डा-डा-डि-डा' वाजवते आणि चार पर्याय देते. तुम्ही निवडायचं.

तिसरी रीत: पुन्हा शिकणं. मी काहीच विचारत नाही. तुम्ही ते परत शिकायचं, आणि ठरलेल्या पातळीला पोचायला किती वेळ लागला ते मोजायचं.

या तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येतात. स्मरणात शून्य आलेली गोष्ट ओळखीत सापडते. स्मरणातही नाही, ओळखीतही नाही अशी गोष्टसुद्धा पुन्हा शिकताना लवकर येऊ शकते. आमच्या तारखात्यातल्या काकांना "सी कसा?" असं तोंडी विचारलं तर ते अडतात. पण बोट टेबलावर टेकवून आधी वाजवतात आणि मग वाजलेलं ऐकून सांगतात. (हा एक किस्सा म्हणून घ्या, पुरावा म्हणून नाही.) त्यांचं ज्ञान बोटात आणि कानात आहे. प्रश्न तोंडी विचारला तर ते दिसतच नाही.

तिसरी रीत वापरात आणणारा माणूस म्हणजे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस. त्यांचं स्मृतीवरचं पुस्तक १८८५ सालचं. प्रयोगात माणूस एकच, ते स्वतः. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे, काही काळ सोडून द्यायचे, मग परत पाठ करायचे आणि किती मेहनत वाचली ते मोजायचं. या मापाला आपण 'बचत' म्हणू. सूत्र अगदी सोपं आहे:

बचत = (पहिल्यांदा लागलेला वेळ − परत लागलेला वेळ) ÷ पहिल्यांदा लागलेला वेळ × १००

त्यांची बचत २० मिनिटांनी सुमारे ५८ टक्के होती, एका तासानं ४४, एका दिवसानं ३४ आणि ३१ दिवसांनी २१ टक्के. या आकड्यांतून लोक बहुधा एकच गोष्ट सांगतात, की आपण भराभर विसरतो. दुसरी गोष्टही तितकीच ठळक आहे. पहिल्या दिवसात घसरण जबरदस्त आहे, पण एका दिवसापासून एका महिन्यापर्यंत आकडा ३४ वरून २१ वरच येतो. घसरण मंदावते. २०१५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा एकाच माणसावर केला आणि वक्राचा आकार बराचसा तसाच आला.

अर्थ नसलेले अक्षरगट आणि कित्येक महिने वापरलेलं कौशल्य, यांची बरोबरी मात्र थेट करू नका. एबिंगहाउस यांचे टक्के मोर्सला लागू होत नाहीत. लागू होते ती मोजण्याची रीत.

तुलना कशाशी?

आता खरी गंमत. समजा कोणी सांगतं, "पहिल्यांदा मोर्स शिकायला मला ३० तास लागले होते. आता ९ तासांत परत आलं." (आकडे समजण्यापुरते धरले आहेत.) बचत झाली ७० टक्के. टाळ्या!

थांबा. पहिल्यांदा शिकताना वय होतं पंधरा, समोर छापील तक्ता होता आणि सराव आठवड्यातून एकदा. आता ॲप आहे, कॉख पद्धत आहे, रोजचा सराव आहे. या ९ तासांत जुनी आठवण किती आणि नवी पद्धत किती? आजच्याच पद्धतीनं एखाद्या कोऱ्या माणसाला १८ तास लागत असतील तर बचत (१८ − ९) ÷ १८, म्हणजे ५० टक्के होते. तोच माणूस, तेच ९ तास, पण तुलना बदलली की ७० चे ५० झाले. सगळा खेळ छेदात काय ठेवता याचा आहे.

हा प्रश्न फार छान रीतीनं हाताळलेला एक जुना प्रयोग आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड बर्ट यांनी आपल्या मुलाला तो सव्वा वर्षाचा असल्यापासून तीन वर्षांचा होईपर्यंत प्राचीन ग्रीक नाटकातले उतारे रोज वाचून दाखवले. मुलाला अर्थातच काही कळत नव्हतं. मुलगा साडेआठ वर्षांचा झाल्यावर त्याला त्यातले काही उतारे पाठ करायला दिले, आणि सोबत तितकेच अवघड पण कधीही न ऐकलेले उतारेही दिले. नव्या उताऱ्यांना सरासरी ४३५ आवर्तनं लागली, ऐकलेल्यांना ३१७. बचत सुमारे २७ टक्के. चौदाव्या वर्षी दुसरे ऐकलेले उतारे घेतले तेव्हा बचत ८ टक्क्यांच्या आसपास उरली, आणि अठराव्या वर्षी जवळपास काहीच नाही.

मूल एकच होतं, त्यामुळे यावरून सगळ्या मुलांबद्दल बोलता येत नाही. पण रचना बघा. तुलनेचे उतारे त्याच मुलाला, त्याच वयात, त्याच पद्धतीनं पाठ करायला दिले. म्हणून वयाचा आणि पद्धतीचा फरक दोन्ही बाजूंना सारखा पडतो आणि कटतो. शिवाय प्रत्येक वयाला वेगळे उतारे ठेवले, कारण एकदा पाठ करून घेतलेला उतारा पुढच्या परीक्षेला बाद होतो. परीक्षाही शिकवते ना!

मोर्ससाठी तुलना कुठून आणायची?

बर्ट यांची युक्ती मोर्समध्ये बसवता येते. थोडं गणित करू. चार किंवा कमी खुणांचे किती आकार होतात? एका खुणेचे २, दोनचे ४, तीनचे ८, चारचे १६. एकूण ३०. इंग्रजी अक्षरं २६. म्हणजे चार आकार इंग्रजीत वापरलेच जात नाहीत:

डि-डि-डा-डा
डि-डा-डि-डा
डा-डा-डा-डि
डा-डा-डा-डा

हे चार आकार जर्मनसारख्या भाषांतल्या जादा अक्षरांसाठी वापरतात. आपल्याकडे इंग्रजी मोर्स शिकणारा ते सहसा शिकतच नाही. म्हणजे आपल्याला चार 'न ऐकलेले उतारे' आयते मिळाले. आणि प्रत्येकाला एक जोडीदारही आहे. पहिला उलटा वाचला की 'झेड' होतो, दुसरा उलटा 'सी', तिसरा उलटा 'जे'. चौथा म्हणजे सगळ्या रेघा, त्याला सगळ्या टिंबांचा 'एच' जोडीला घ्या. चार पूर्वी शिकलेले, चार कोरे, आणि सगळे चार खुणांचे.

एवढी जुळवाजुळव कशाला? कारण मोर्समधले आकार सारखे सोपे नसतात. १९५७ साली अर्न्स्ट रॉथकॉप्फ यांनी मोर्स न येणाऱ्या ५९८ जणांना ३६ खुणा जोड्या करून ऐकवल्या आणि दोन्ही सारख्या की वेगळ्या ते विचारलं. गोंधळ कुठंही होत नव्हता, ठरावीक जोड्यांत होत होता. पुढे रॉजर शेपर्ड यांनी त्याच माहितीतून दाखवलं की आकार किती लांब आहे आणि त्यात टिंबं जास्त की रेघा जास्त, या दोन गोष्टींवर तो गोंधळ बराचसा उलगडतो. म्हणून दोन खुणांचा 'ए' एका बाजूला आणि चार खुणांचा कोरा आकार दुसऱ्या बाजूला ठेवला तर तुलना आधीच फसली.

आता रचना अशी करा:

१. सराव सुरू करण्याआधी, अगदी पहिल्या दिवशी, सगळ्या अक्षरांची एकदा चाचणी घ्या. ऐकून ओळखायचं. बरोबर-चूक सांगणारा आवाज बंद ठेवा. निकाल लिहून ठेवा. हा दिवस आयुष्यात एकदाच मिळतो. एकदा तक्ता उघडला की 'इतक्या वर्षांनंतरची' स्थिती कायमची गेली.

२. आठही आकार मिसळून, एकाच वेगानं, रोज ठरावीक मिनिटं ऐका.

३. कसोटी आधीच ठरवा. उदाहरणार्थ, सलग दोन दिवस १० पैकी ९ बरोबर. प्रत्येक आकाराला तिथवर पोचायला किती वेळा ऐकावं लागलं ते मोजा.

४. फक्त चूक झाली एवढं लिहू नका, कशाऐवजी काय ऐकलं तेही लिहा.

५. शेवटी जुन्या चारची आणि कोऱ्या चारची सरासरी काढा आणि बचत मांडा.

या रचनेतही भोक आहे, ते तुम्हीच शोधावं अशी माझी इच्छा होती, पण सांगते. सगळ्या रेघांचा कोरा आकार तीन रेघांच्या 'ओ'शी घोटाळा करणार. म्हणजे जुनं ज्ञान नव्याला अडथळा करेल, नव्या आकारांना जास्त वेळ लागेल आणि बचत फुगलेली दिसेल. उलट, मोर्स ऐकायची सवय असलेला कान कोरे आकारही लवकर पकडू शकतो, आणि मग बचत कमी दिसेल. म्हणून ही तुलना एवढंच सांगेल की त्या विशिष्ट अक्षरांचं काय उरलंय. कानाची एकूण तयारी किती उरली, यासाठी मोर्स कधीच न शिकलेली दुसरी माणसं लागतील. प्रश्न दोन, तुलना दोन. प्रबंधात गाईड विचारतात ना, "तुमचा कंट्रोल ग्रुप कोणता?", त्याचा खरा अर्थ हा आहे. आधी प्रश्न नेमका सांगा, मग तुलना आपोआप ठरते.

मग गॅपचं काय?

आता "सगळं विसरले" या वाक्याकडे पुन्हा बघा. हे बहुधा पहिल्या रीतीनं, म्हणजे स्मरणानं घेतलेल्या परीक्षेचं उत्तर असतं. कोणी विचारलं, "टाइप वन एरर म्हणजे काय?", आणि तोंडातून शब्द फुटला नाही. त्यावरून एवढंच कळतं की आज, या प्रश्नाला, आठवण आली नाही. परत शिकायला किती वेळ लागेल, हे त्यावरून कळत नाही. तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं माप वेगळं आहे.

हॅरी बाहरिक यांचा १९८४ चा अभ्यास इथं उपयोगी आहे. शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या सातशेहून जास्त लोकांची त्यांनी परीक्षा घेतली. काही जणांनी ती भाषा ५० वर्षांपूर्वी शिकली होती. विसरणं पहिल्या तीन ते सहा वर्षांत जोरात होतं, आणि नंतर कित्येक वर्षं उरलेला भाग जवळपास तसाच टिकतो, असं चित्र दिसलं. किती टिकेल हे मूळ शिक्षण किती पक्कं होतं यावर बरंच अवलंबून होतं. म्हणजे जे परीक्षेपुरतं रटलं होतं त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका, आणि जे वर्षभर हातानं सोडवलं होतं ते संपलं असं इतक्या लवकर जाहीर करू नका.

मला इथं खोटी आशा विकायची नाही. बर्ट यांच्या मुलाची बचत अठराव्या वर्षी संपली होती. काही गोष्टी खरंच जातात. पण कोणत्या गेल्या आणि कोणत्या उरल्या हे अंदाजानं ठरवायची गरज नाही. प्रवेश परीक्षेचा अर्ज भरायचा की नाही, नोकरी सांभाळून वर्ष द्यायचं की नाही, लेकरू सासूबाईंजवळ ठेवून रोज दोन तास काढायचे की नाही, हे निर्णय मोठे आहेत. ते "डोकं नाही चालत" या एका वाक्यावर घेऊ नका.

त्याऐवजी असं करा. पुस्तक उघडण्याआधी एक जुनी प्रश्नपत्रिका कोऱ्या मनानं सोडवा आणि गुण लिहून ठेवा. मग दोन घटक निवडा. एक पूर्वी नीट शिकलेला, समजा टी-चाचणी, आणि एक कधीच न शिकलेला पण शक्य तितका त्याच अवघडपणाचा. दोन्हींना रोज सारखा वेळ द्या. ठरवलेल्या गुणांपर्यंत पोचायला कशाला किती तास लागले ते वहीत मांडा. तीन आठवडे पुरे. जुना घटक लवकर आला तर तुमच्याजवळ भांडवल शिल्लक आहे आणि किती आहे तेही थोडंफार कळेल. दोन्हींना सारखाच वेळ लागला तर नव्यानं शिकायची तयारी ठेवून वेळापत्रक आखा. दोन्ही उत्तरं कामाची आहेत.

आणि हो, ही नोंद म्हणजे एका माणसाचा अभ्यास. त्यावरून "गॅप घेतलेल्या सगळ्यांना जमतं" असा निष्कर्ष काढायचा नाही. तुमच्यापुरता निर्णय घ्यायला मात्र तो पुरेसा आहे.

आमच्याकडे सध्या संध्याकाळी गच्चीवर बांधलेल्या वीस मीटरच्या तारेवर ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बरंच ऐकू येतं. शेजारच्या इन्व्हर्टरची घरघर आणि लांबच्या विजांची खरखर यातून अक्षरं वेचावी लागतात. माझी नोंदवही चालू आहे, आकडे पूर्ण झाल्याशिवाय त्यावर बोलणार नाही. पुढच्या लेखात एका व्यक्तीच्या अशा नोंदींचा आलेख कसा काढायचा आणि त्यात नसलेलं पठार दिसू नये म्हणून काय काळजी घ्यायची ते बघू. तोवर तुमची कोरी प्रश्नपत्रिका सोडवून ठेवा, कारण पुस्तक उघडल्यावर ती संधी राहत नाही.